मुडद्यांची पोथी

"वहिनी, तुमच्या त्या मुडद्यायनं माह्या वेचणीच्या बाया पळवल्या! मी काही जास्त बोलत नाही, एवढंच सांगतो!" एवढंच सांगतो म्हणत देवराव हे तिसऱ्यांदा सांगत होता, आणि दर वेळी ओसरीची एक पायरी वर चढत होता. "सकाळी तांड्यावर ऑटो धाडला. रिकामा वापस आला. म्हटलं बाया कोठी गेल्या बापा? तं ऑटोवाला म्हणे, इंदुताईच्या वावरात गेल्या. काहून? तं म्हणे दवाखान्याचं दार तुटून राह्यलं!"

"तुटलं नाही अजून," इंदुताईच्या तोंडून निघून गेलं. "नुसती कडी हलून राह्यली."

देवराव तिच्याकडे बघतच राहिला.

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला इंदुताईचे यजमान पुंडलिकराव खाटेवर बसून बशीतला चहा फुंकत होते. नजर भिंतीवरच्या बियाण्याच्या कॅलेंडरवर. हे दोघे चुलतभाऊ चार वर्षांपासून एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांच्या वावरांमधला धुरा, म्हणजे बांध, कोणीतरी वीतभर सरकवला होता. कोणी सरकवला, याबद्दल दोघांचंही मत ठाम होतं. तेव्हापासून जे काही बोलायचं ते इंदुताईला मध्ये घालून.

"त्याले सांग," पुंडलिकराव कॅलेंडरला म्हणाले, "टोळीवर कोणाचं नाव लिहिलेलं नसते म्हणा."

"त्यायले सांगा वहिनी, नाव नसते पण जबान देल्ली असते! आधी तुमचं वरचं वावर, मंग माहं, मंग तुमचं नाल्याकडचं, असं सुखीबाईनं ठरवलं होतं. आभाळ कसं करून राह्यलं, पाहा. कापूस लोंबून राह्यला माहा. एक सर आली का सारा पिवळा. मंग तुमचे मुडदे येतीन काय भरून द्याले?"

"त्याले म्हणा, आवाज खाली ठेव. घरात म्हातारी माणूस हाय."

"मी जागीच हाव," आतून सासूबाईंचा, रुखमाबाईंचा आवाज आला. "चालू द्या तुमचं."

इंदुताई दोघांच्या मध्ये पिशवी धरून उभी होती. पिशवीत भाकरी, ठेचा, पाण्याची बाटली आणि सगळ्यांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक. पान एकशे एकतीस. कडी हलली होती, दिवे गेले होते, आणि ती ज्या दोघांच्या मध्ये उभी होती त्यांना एका वीतभर धुऱ्याची पडली होती.

"भाऊजी, मी बोलते सुखीबाईशी," ती म्हणाली आणि चपला घालून निघालीसुद्धा.

आता ही इंदुताई कोण, आणि तिच्या पिशवीत मुडदे आले कुठून, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

इंदुताईचं माहेर वणीचं. वणीहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिच्या वडिलांचं पंक्चरचं दुकान होतं. कोळशाच्या ट्रकांची रांग लागायची. ट्यूब पाण्याच्या टाक्यात बुडवून बुडबुडा शोधेपर्यंत ड्रायव्हर बाकावर बसून वाचत असत. खिशात मावणारी पातळ पुस्तकं, हिंदी, मराठी, भुतांची, खुनांची, कवट्यांची. वाचून झालं की तिथेच टाकून जात. वडिलांना अक्षरओळख नव्हती, पण पुस्तक फेकवत नसे. ते सोल्युशनच्या ट्यूबांशेजारी फळीवर रचून ठेवत. शाळेतून आल्यावर इंदू त्या फळीखाली बसून वाचायची. त्यामुळे इतर माणसांना भीती म्हटलं की अंधार आठवत असेल, इंदुताईला आजही रबराच्या सोल्युशनचा वास येतो.

एकच खोट होती. ड्रायव्हर लोक हाताचं ग्रीस पुसायला पानं फाडायचे आणि फाडायचे मागून, कारण मागचं पान हाताला पटकन लागतं. खून झालेला असायचा, कोणी केला ते ग्रीसबरोबर गेलेलं. एक बाई दर अमावस्येला बंद खोलीचं कुलूप आतून उघडायची, का, ते कधीच कळलं नाही. अशा एकोणीस गोष्टी. इंदुताईने मोजलेल्या आहेत. भाकरी थापताना, तूर पाखडताना, त्यातली एखादी मध्येच वर यायची आणि शेवटाशी येऊन अडायची.

एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती ढाणकीजवळच्या या गावी आली. घरात देव्हाऱ्यात एक पोथी, एक पंचांग आणि कॅलेंडर. पहिल्या वर्षी तिने नवऱ्याला लाजत सांगितलं, "उमरखेडले जासान तं वाचाले काही आणजा." पुंडलिकराव माणूस चांगला. त्यांनी आणलं. कपाशीवरील कीड नियंत्रणाची पुस्तिका. इंदुताईने तीही वाचली. बाहेरून बोंड टवटवीत, आत अळी शिरलेली, आणि शेतकऱ्याला पत्ता नाही. तिच्या मते त्या पुस्तिकेची सुरुवात झकास होती, फवारण्या आल्यावर घसरली.

मग वीसेक वर्षं काही नाही. पुढे मुलगा अमर शिकायला पुसदला गेला, तिथेच मोबाइलच्या दुकानात लागला, आणि एका दिवाळीला जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून एक जाडजूड पुस्तक घेऊन आला. मुखपृष्ठावर मातीतून वर आलेला हात.

"आई, हे वाच. याच्यात मेलेले लोक उठून चालतात. झॉम्बी म्हणतात त्यायले. चावले का आपणबी झॉम्बी."

इंदुताईने पुस्तक हातात घेतलं आणि पहिल्यांदा मागून उघडलं. शेवटचं पान होतं. 'समाप्त' असं स्वच्छ छापलेलं होतं. तिने ते पुस्तक दोन दिवसांत संपवलं. आज तुरीच्या कोठीवरच्या फळीवर एकतीस पुस्तकं उभी आहेत. झपाटलेली बंगली, बोलणारे आरसे, मेलेली गावं. पुंडलिकराव पाहुण्यांना सांगतात, अमरची आहेत.

रुखमाबाईंना या पुस्तकांचा राग होता, पण लोकांना वाटतो त्या कारणाने नाही. भुतांबद्दल सासूबाईंचा अधिकार मोठा होता. पंचक्रोशीतलं कोणतं भूत कोणत्या झाडावर, कोणाचं कोण, कशाने गेलं, हे त्यांना तोंडपाठ. झॉम्बी त्यांना पसंतच नव्हते. "हे कसले भूत अवं? ना पिंपळ, ना विहीर. ना नाव, ना गाव. दोनशे जण एकदम मेले अन् एकालेही काही मागायचं नाही? भूत म्हटलं म्हणजे त्याचं काही राह्यलेलं पाहिजे. हे तं नुसते रिकामे फिरून राह्यले."

तर या वर्षीचं पुस्तक चारशे बारा पानांचं. डोंगरातल्या एका गावात मेलेले उठतात, आणि चाळीस माणसं दवाखान्यात स्वतःला कोंडून घेतात, अशी गोष्ट. दिवाळी झाली, सीतादही झालं, म्हणजे कपाशीच्या पऱ्हाटीखाली पाच खडे मांडून, त्यांना कापूस वाहून, दहीभाताचा नैवेद्य दाखवून झाला, आणि वेचणी सुरू झाली. तांड्यावरची सुखीबाईची टोळी आली. अकरा बाया. इंदुताई डबा घेऊन वावरात गेली आणि दुपारच्या सुटीत निंबाखाली बसून तिने पुस्तक काढलं.

बायांनी पाहिलं. मोठ्या घरची बाई, कपाळाला कुंकू, मांडीवर जाड पुस्तक, ओठ हलताहेत. सुखीबाईने हातातली भाकरी फडक्यात ठेवली. चपला काढल्या. तिचं पाहून बाकीच्या दहाजणींनीही काढल्या. पदर डोक्यावर घेऊन सगळ्या समोर येऊन बसल्या, आणि हात जोडले.

"वाचा ना ताई मोठ्यानं," सुखीबाई म्हणाली. "पोथी ऐकून लय दिवस झाले."

इंदुताईला कानापर्यंत गरम झालं. पोथी नाही म्हणावं, तर अकरा जोडलेले हात समोर. तिने घसा खाकरला आणि जिथे होती तिथूनच वाचलं, "खाटेखालून एक थंडगार हात आला आणि त्याने अलकाच्या पायाला विळखा घातला. तो हात ज्या माणसाचा होता, तो माणूस काल संध्याकाळीच मेला होता."

कोणी हात सोडले नाहीत. निंबावर एक कावळा होता, तोही गप्प.

"मंग?" सुखीबाई म्हणाली.

"मंग काय, अलकानं लाथ मारली."

"शाब्बास! कोण व्हय अलका?"

"नर्स."

"सुरुवातीपासून वाचा," सुखीबाईने हुकूम सोडला. "मधातून पोथी वाचू नाई."

सुटी संपली तरी पहिलं प्रकरण संपलं नव्हतं. वेचणी किलोवर असते. बसून ऐकणं कोणाला परवडणार? बाया उठल्या, कमरेला फडकी बांधली, एकेक ओळ धरली. आणि मग संगीताने, टोळीत सगळ्यात लहान, बारावी झालेली, तोंडाने फटकळ, तिने तोडगा काढला. "ताई, तुमी मधली ओळ धरा. वेचू नका, चाला अन् वाचा. तुमच्या ओळीचा कापूस डावीकडची-उजवीकडची वाटून घेतीन."

असं ते सुरू झालं. अकरा बाया वाकून पुढे सरकताहेत, मध्ये इंदुताई पदर खोचून, पुस्तक डोळ्यांसमोर धरून, पऱ्हाटीत साडी अडकवत चालते आहे. हात वेचताहेत, कान तिच्याकडे. कडेच्या म्हाताऱ्यांपर्यंत आवाज पोचत नसे, तेव्हा संगीता चौथ्या ओळीतून त्यांना गोरबोलीत, तांड्यावरच्या बंजारा बोलीत सांगायची. त्यामुळे वावरात किंकाळी दोनदा उठायची. आधी मधल्या ओळींतून, आणि श्वासभर थांबून कडेहून. संगीता भाषांतर करताना हात राखत नसे. पुस्तकात एक मुडदा खिडकीतून आला तर कडेच्या ओळींना तीन यायचे.

"कांई वेगो? काय झालं?" कडेची म्हातारी धनीबाई ओरडायची. "मेली काय नर्स?"

"नाई मेली याडी, वेच तू!"

मधल्या ओळींत चर्चा वेगळी. "हे मुडदे दिवसभर करतात तरी काय?" सुखीबाईने विचारलं.

"काही नाही. फिरतात. माणूस दिसला का धावतात."

"काम नाई, धंदा नाई, सैपाकाची चिंता नाई. नुसतं गावभर फिरायचं अन् घरी आलं का अंगावर यायचं." सुखीबाईने बोंड उपटलं. "आमच्या घरी हाय एक. त्याले काय म्हणते म्हणलं पुस्तकात? झॉम्बी?"

त्या हसण्याने निंबावरचा कावळा उडाला.

इंदुताई घरी यायची ती उडत. घसा बसलेला, पोटऱ्या पऱ्हाटीने ओरबाडलेल्या, आणि डोळे असे चमकलेले की पुंडलिकरावांनी एकदा विचारलं, ताप आहे का. ताप नव्हता. पंचेचाळिसाव्या वर्षी तिला कळलं होतं की एकटीने घाबरणं आणि बारा जणींनी मिळून घाबरणं यांत केवढा फरक आहे. दुकानाच्या फळीखाली ती जी श्वास रोखून बसायची, तिथे जणू बाजूला अकराजणी येऊन बसल्या होत्या. तिने त्याच दिवशी मनाशी ठरवलं की घरी पान उलटायचं नाही. पुढचं काय, ते तिलाही वावरातच कळणार. पुस्तक रात्रभर तुरीच्या कोठीवर पडून असायचं आणि ती त्याच्याकडे पाठ करून झोपायची. सोपं नव्हतं.

असे दोन दिवस गेले, सोमवारी दवाखान्याची कडी हलली, आणि म्हणून मंगळवारी टोळी देवरावकडे जायचं सोडून इंदुताईच्या नाल्याकडच्या वावरात येऊन उभी राहिली. देवरावचा ऑटो रिकामा गेला तो असा.

इंदुताईने वावरात पोचल्याबरोबर सुखीबाईला सांगितलं. सुखीबाईने जीभ चावली. "चुकलंच माहं. पण कडी हलल्यावर कसं सोडून जावं, तुमीच सांगा. देवरावले म्हणा, तुमचं वावर निपटलं का बाजारानंतरच्या सोमवारी पक्कं त्यायच्याकडे. माही जबान हाय. आता वाचा."

पुढचे चार दिवस कसे गेले ते इंदुताईला सांगता यायचं नाही. कडी तुटली. चाळिसांतले अकरा उरले. अकराच उरले म्हटल्यावर बायांनी ते आपसात वाटून घेतले. लंगडा वॉचमन सुखीबाईला मिळाला, गाणारी म्हातारी धनीबाईला. आणि मग दोनशे ब्याऐंशीव्या पानावर ते आलं. अलकाच्या उजव्या हाताला दात लागले होते. तिने कोणाला सांगितलं नव्हतं. रबरी हातमोजा चढवला होता आणि ती सगळ्यांना पाणी वाटत होती.

वावरात हात थांबले. वेचणीत हात कधी थांबत नाहीत. अकरा बायांनी आपापल्या बोटांकडे पाहिलं. बोंडाच्या टोकांनी फाटलेली, नखांशी रक्त सुकलेलं. संगीताने कडेच्या ओळींना सांगितलं आणि या वेळी किंकाळी आलीच नाही.

"सांगाले पाहिजे तिनं," एकीने म्हटलं.

"सांगितलं का बाहेर हाकलतीन तिले."

"न सांगता ती सगळ्यायले चावली तं?"

"तिच्याबिगर पाणी कोण देईन त्यायले? मोजा घालून काम तं करून राह्यली ना!" सुखीबाई चिडून म्हणाली. "दुखलं-खुपलं सांगत बसलं असतं तं आपलाबी वेचा झाला असता काय कधी?"

भांडण एवढं रंगलं की पलीकडे आपल्या वावरात एकटाच उभा असलेला देवराव धुऱ्यापर्यंत आला. कोणी मेलं की काय ते बघायला. पण कोणी त्याला काही सांगितलं नाही.

एक गोष्ट इंदुताईच्या उशिरा लक्षात आली. गप्पा नाहीत, मोबाइल नाहीत, पाण्याला जाणं नाही. बाया ऐकण्याच्या नादात दुप्पट वेचत होत्या. ओळ संपवून वळायला उशीर झाला तर आवाज दूर जाईल म्हणून मागची पुढचीला ढकलत होती. आठ दिवसांचं वावर पाच दिवसांत संपत आलं होतं. पुस्तक मात्र आपल्याच चालीने चाललं होतं. पुंडलिकराव शनिवारी धुऱ्यावर येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "बरं हाय तुहं हे पुस्तक."

त्या दुपारी शेवटच्या पट्ट्यात बायांनी हात आखडते घेतले. अर्धवट उमललेली बोंडंही दोनदा चाचपून पाहू लागल्या. धनीबाईला अचानक पाय दुखू लागला. पण पट्टा तो केवढा? ऊन कलायच्या आत वावर हिरवं-तपकिरी उरलं, पांढरं कुठेच नाही. इंदुताई पान तीनशे पन्नासवर होती. अलकाचा ताप वाढला होता आणि लंगड्या वॉचमनने तिच्या मोज्याकडे पाहून विचारलं होतं, "सिस्टर, एकच हात का झाकला आहे?"

दुसरा वेचा महिन्याभराने. तोवर टोळी देवरावकडे, मग त्याच्या पुढच्या वावरात, मग आणखी पुढे.

"थोडक्यात सांगून टाका ना शेवट," संगीता म्हणाली.

"मले कुठं माहीत हाय? मी वाचलंच नाही पुढचं." इंदुताईने पुस्तक मिटलं.

"मंग असं कर, पुस्तक तूच घेऊन जाय," म्हणत तिने ते संगीताकडे केलं. "तुले येते वाचाले. तू वाच यायले."

संगीताने हात पुढे केला नाही. "मी वाचलं तं माहा कापूस कोण वेचीन ताई? तुमचं बरं हाय, तुमचे हात रिकामे हायेत." ती वाईट हेतूने बोलली नव्हती, पण बोलून झाल्यावर तिचं तिलाच लागलं आणि ती फडकं झटकत बसली.

सुखीबाईने गाठोडं डोक्यावर घेतलं. "जाऊ द्या. तुमी घरी वाचसान. आमी आपलं असं समजू, का तिनं सांगून टाकलं." मग वळून म्हणाली, "का नाई सांगितलं, असं समजू?"

बाया ओळीने वाटेला लागल्या. एरवी जाताना कलकल असायची, आज फक्त जोडव्यांचा आवाज. आणि इंदुताईला पंक्चरच्या दुकानातली फळी आठवली, ग्रीसचा अंगठा उमटलेलं शेवटचं उरलेलं पान, त्यापुढे नुसती फाटकी कड. आतापर्यंत पानं दुसऱ्यांनी फाडली होती. या अकराजणींची ती स्वतः फाडत होती.

रविवारी ढाणकीचा बाजार. तिने वांगी घेतली, मिरच्या घेतल्या, सासूबाईंचा तंबाखू घेतला. बाजारात सुखीबाई दुरून दिसली, तिने हात केला, पण जवळ आली नाही. घरी आल्यावर इंदुताईने पुस्तक कोठीवरून उतरवलं. बासष्ट पानं. चहा पिता पिता झाली असती. घरात कोणी नव्हतं. तिने बोट तीनशे एक्कावन्नव्या पानात घातलं, आणि काढलं. मग पुस्तक फडक्यात गुंडाळलं, पिशवीच्या तळाशी ठेवलं, वर पाण्याची रिकामी बाटली ठेवली. ते केल्याबरोबर तिला असं हलकं वाटलं की चुलीपाशी ती एकटीच हसली. छाती धडधडत होती. कडी हलली होती तेव्हा धडधडली होती तशीच.

दिवेलागणीला पुंडलिकराव जेवायला बसले. पलीकडे रुखमाबाई भाकरी कुस्करत होत्या. इंदुताईने वांग्याची भाजी वाढली.

"उद्याची पिशवी आज काहून भरली?" पुंडलिकरावांनी खुंटीकडे पाहिलं. "वावर तं निपटलं."

"आपलं निपटलं."

घास तोंडाशी थांबला. "म्हणजे?"

"देवरावभाऊजीचं हाय ना."

"देवरावच्या वावरात? तू?" भाजीच्या वाटीला धक्का लागला. "लोक काय म्हणतीन, काही समजते काय? पुंडलिकची बायको देवरावच्या वावरात रोजानं चालली! चार वर्षं झाले मी त्या धुऱ्यापलीकडे पाय ठेवला नाही!"

"रोजानं नाही चालली. वाचाले चालली."

"तेच तं! कापूस त्याचा, फायदा त्याचा, अन् घसा आपल्या घरचा!" पुंडलिकराव खरोखर दुखावले होते. "त्याच्या बाया भरभर वेचाव्या म्हणून माही बायको त्याच्या वावरात उभी राहून पोथी वाचीन? अन् त्याले इचारलं काय? तो म्हणीन, या वहिनी?"

"इचारायचं काय त्यात? वावर त्यायचं हाय. कान बायांचे हायेत."

पुंडलिकरावांनी आईकडे पाहिलं. या घरात शेवटचा शब्द तिकडून यायचा. रुखमाबाईंनी भाकरीत भाजी कालवली, सावकाश.

"मले ते मुडदे पटत नाहीत," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगून राह्यली."

"ऐक!" पुंडलिकराव म्हणाले.

"पण त्या पोरीचं काहीतरी राह्यलं हाय. त्या मोजेवालीचं." सासूबाईंना मोज्याचं कोणी सांगितलं, हा प्रश्न इंदुताईच्या मनात आला आणि त्याच क्षणी ताकाचं गाडगं पोचवायच्या निमित्ताने दुपारी दोनदा वावरात आलेली, धुऱ्यावरच्या झाडामागे बराच वेळ पाय चोळत बसलेली म्हातारी तिला आठवली. "अन् हिचंही राह्यलं हाय. राह्यलेलं ठेवून ही मेली, तं कोठी फिरीन? याच घरात फिरीन. माह्याच्यानं नाही होणार ते आता या वयात." त्यांनी घास घेतला. "एक ध्यानात ठेव इंदू. देवरावच्या विहिरीपाशी बसू नको जेवाले. तिथं खरं हाय एक."

"आई!"

"तू जेव."

पुंडलिकराव जेवले नाहीत, पण उठलेही नाहीत. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागले, जणू तिथून कोणी देवरावला काही सांगेल.

इंदुताईने भाकरीची टोपली त्यांच्या हाताशी सरकवली, भाजीचं पातेलं मध्ये ठेवलं, आणि स्वतःचं ताट घेऊन बसली.

"उद्या सकाळी सात वाजता मी सुखीबाईच्या टोळीसंगं देवरावभाऊजीच्या वावरात चालली," ती म्हणाली. "दोन दिवस लागतीन. भाकरी करून ठेवीन, भाजी करून ठेवीन. वाढून तुमचं तुमी घ्यायचं."